तालुक्यात बेकार किती? सरकारी रोजगार-आकडेवारी शोधणाऱ्या नवख्यांसाठी

मे 2025 मध्ये मी एका पत्रकात लिहिलं होतं : 'देशातली बेरोजगारी 3.2 टक्क्यांवरून 5.1 टक्क्यांवर.' दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही खरे. पत्रक छापायला जाणार तेवढ्यात आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी ते परत पाठवलं. समासात पेन्सिलीनं दोन शब्द होते : 'कोणत्या मोजपट्टीनं?' मला मोजपट्ट्या दोन असतात हेच ठाऊक नव्हतं. 3.2 होता वर्षभराच्या मोजणीचा, 5.1 एका आठवड्याच्या मोजणीचा. मी मीटर आणि फूट शेजारी ठेवून कापड महागलं म्हणत होते.

आमचं काम अमरावती जिल्ह्यात, शेतमजुरांमध्ये. तिथे लोक साधा प्रश्न विचारतात : 'आपल्या तालुक्यात बेकार किती?' त्याचं उत्तर शोधताना मी जिथे जिथे ठेच खाल्ली, ते इथे क्रमानं मांडते आहे. तुम्ही विद्यार्थी असाल, पत्रकार असाल, युनियनचं काम करत असाल, वाट बहुतेक हीच असणार.

हाताशी काय हवं

- चालू ईमेल आणि त्याचा पासवर्ड (हसू नका, ओटीपी जुन्या मेलवर जातो आणि दिवस बुडतो)
- एक्सेल किंवा फुकटातलं लिबरऑफिस
- पुढे जाऊन मूळ डेटा उघडायचा असेल तर आर, पायथन किंवा स्टाटा या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरपैकी एक
- कॉलेज किंवा संस्थेचं नाव आणि डेटा कशासाठी हवा याची दोन ओळींची नोंद
- एक वही. ती का, ते शेवटी सांगते

माहितीच्या अधिकाराचे 10 रुपये सोडले तर पैसे कुठेच लागत नाहीत. कुणी 'सरकारी डेटा काढून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

1. आधी प्रश्न कागदावर उतरवा

'बेरोजगारी किती' हा अर्धा प्रश्न झाला. कोणाची (15 वर्षांवरचे सगळे, की 15 ते 29 चे तरुण?), कुठली (देश, राज्य, जिल्हा, तालुका?), कधीची (महिना, वर्ष?) आणि कशावरून मोजलेली (घरोघरी जाऊन, कारखान्यांकडून, की कुठल्या नोंदणीवरून?) एवढं ठरल्याशिवाय संगणक उघडू नका. यातल्या 'कुठली' आणि 'कशावरून' या दोनांवरच तुम्हाला कोणत्या दारात जायचं ते ठरतं.

माझा प्रश्न तालुक्याचा होता आणि मी पहिले तीन आठवडे देशाच्या अहवालात तालुका शोधत होते. तो तिथे नसतो.

2. पहिलं दार : पीएलएफएस

देशातली बेरोजगारी, कामात असलेल्यांचं प्रमाण, बायकांचा सहभाग, पगारी-स्वयंरोजगारी-रोजंदारी अशी विभागणी, या सगळ्याचा मुख्य स्रोत म्हणजे पीरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे, म्हणजेच नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण. सांख्यिकी मंत्रालयाचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ते करतं. एप्रिल 2017 मध्ये सुरू झालं. त्याआधी दर पाच वर्षांच्या सुमारास मोठं रोजगार सर्वेक्षण व्हायचं. ती मालिका 1972-73 पासूनची, शेवटची फेरी 2011-12 ची. म्हणून जुन्या लेखांत 2011-12 वरून थेट 2017-18 वर उडी दिसते. मधलं पान कुणी फाडलेलं नाही, मधे ही फेरीच झाली नाही.

शोधायला मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रकाशनांच्या भागात जा. इंग्रजीत शोधलंत तरच सापडेल. मराठीत टाईप करून काही हाती लागत नाही, हिंदीतही बेताचंच. 2024 च्या सांख्यिकी दिनाला, 29 जूनला, ई-सांख्यिकी नावाचं पोर्टल सुरू झालं. तिथे तक्ते थेट एक्सेलमध्ये उतरवता येतात. पीडीएफमधून आकडे हातानं उतरवून घेण्याचा काळ बऱ्यापैकी सरला, पण तक्त्याखालच्या टिपा अजून पीडीएफमध्येच नीट वाचायला मिळतात. दोन्ही उघडे ठेवा.

आता इथला मोठा खड्डा. जानेवारी 2025 पासून या सर्वेक्षणाची रचनाच बदलली. आधी वर्ष जुलै ते जून असं धरत, आता कॅलेंडरचं वर्ष. आधी तिमाही आकडे फक्त शहरांचे, आता शहर-गाव दोन्हींचे, आणि वर देशपातळीचे दरमहा. नमुना 1,02,400 कुटुंबांवरून 2,72,304 कुटुंबांवर नेला. पहिलं मासिक बुलेटिन एप्रिल 2025 चं, ते 15 मेला आलं. तोच माझा 5.1. मंत्रालय स्वतःच सांगतं की नव्या रचनेचे आकडे जुन्यांशी सरळ जोडू नयेत. आलेख काढताना 2024 आणि 2025 च्या मधे एक उभी तुटक रेघ मारा आणि खाली कारण लिहा. मासिक आकड्यांतून हंगामाचा परिणाम काढून टाकलेला नसतो, हेही लक्षात असू द्या. सोयाबीन काढणीचा ऑक्टोबर आणि रिकामा मे यांची तुलना करून 'मंदी आली' असं लिहाल तर आमच्याकडचा कुठलाही मजूर तुम्हाला हसेल.

3. मोजपट्टी ओळखा

हा भाग घाईत वाचू नका. निम्म्या चुका इथे होतात.

*नेहमीचा दर्जा.* मागच्या 365 दिवसांत माणसाचा जास्त काळ कशात गेला ते पाहतात. कामात किंवा कामाच्या शोधात जास्त काळ गेला तर तो श्रमशक्तीत. हा झाला मुख्य दर्जा. शिवाय जोडधंदा म्हणून 30 दिवस किंवा जास्त काम केलं असेल तर तो दुय्यम दर्जा. दोन्ही एकत्र धरून जो आकडा येतो, तोच वार्षिक अहवालाचा ठळक आकडा.

*चालू साप्ताहिक दर्जा.* मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी किमान एक तास काम केलं असेल तर तो माणूस कामात. मासिक बुलेटिन फक्त याच मोजपट्टीनं येतं.

या कल्पना 1970 च्या दांतवाला समितीच्या अहवालातून आल्या. समितीचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या देशात बेरोजगारी एका आकड्यात मावत नाही. ते आजही खरं आहे. 2023-24 मध्ये 15 वर्षांवरच्यांचा बेरोजगारी दर नेहमीच्या दर्जानं 3.2 टक्के होता आणि साप्ताहिक दर्जानं 4.9. म्हणजे माझ्या पत्रकातली उडी बरीचशी पट्टी बदलल्याची होती. खरी तुलना 4.9 आणि 5.1 ची, आणि तीसुद्धा एका वर्षाची एका महिन्याशी, बदललेल्या रचनेत.

'एक तास' ऐकून बरेच जण उखडतात. 'एक तास काम केलं की रोजगारी म्हणे!' मीही उखडले होते. पण ही पट्टी जगभर वापरतात आणि आकडा लपवण्यासाठी ती आणलेली नाही. ती सांगते त्याहून जास्त तिच्यातून काढू नका, एवढंच. किती तास, किती मजुरी, हे त्याच सर्वेक्षणात वेगळ्या तक्त्यांत असतं. तिथे जा.

बायकांच्या आकड्यांबद्दल मात्र थोडं थांबून सांगते. 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7. सहा वर्षांत एवढी वाढ पाहून कुणी टाळ्या वाजवतं, कुणी आकडेच खोटे म्हणतं. वरूडकडच्या एका गावात आम्ही आमची स्वतःची छोटी पाहणी करत होतो. ओसरीवर बसलेल्या बाईंना विचारलं, काय काम करता? त्या म्हणाल्या, "काही नाही जी, घरीच राहतो मी." बोलताना त्यांचे हात चालू होते : पुढ्यात कापसाचा ढीग, त्यातून पालापाचोळा वेगळा करत होत्या. माझ्या सोबतच्या मुलीनं विचारलं, हा कापूस कोणाचा? "घरचाच." वेचला कोणी? "मीच वेचला, दुसरं कोण वेचणार?" पहिल्या उत्तरावर फॉर्म भरला असता तर त्यांची नोंद 'घरकाम' झाली असती, संकेतांक 92. तीन प्रश्नांनंतर ती झाली 'घरच्या उद्योगात बिनपगारी मदतनीस', संकेतांक 21. या संकेतांकाची व्यक्ती रोजगारी धरली जाते. बाई तीच, कापूस तोच.

म्हणून स्त्रियांचा सहभाग वाढला असं दिसलं की लगेच पुढचा तक्ता उघडा : पगारी किती, रोजंदारीवर किती, स्वतःचा धंदा किती आणि बिनपगारी मदतनीस किती. बायका खरंच कामाला लागल्या की आधीचंच काम आता मोजलं गेलं, हा वाद अभ्यासकांत चालू आहे. तुमच्या लेखात निदान तो वाद आहे एवढं तरी दिसू द्या. घरातल्या न मोजलेल्या कामाचा अंदाज हवा असेल तर त्याच मंत्रालयाचं वेळ-वापर सर्वेक्षण, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो ते मोजणारं, पाहा. ते 2019 आणि 2024 मध्ये झालं.

जाता जाता : वर्तमानपत्रांत याहून बराच वेगळा बेरोजगारी दर दिसतो, तो अनेकदा मुंबईच्या सीएमआयई या खासगी संस्थेचा असतो. त्यांची मोजपट्टी जवळपास एका दिवसाची आहे. दोन्ही दर एका वाक्यात घालू नका.

4. जिल्हा आणि तालुका : इथे वाट अरुंद होते

पीएलएफएसच्या वार्षिक अहवालात राज्यापर्यंतचे आकडे मिळतात. 2023-24 मध्ये देशभरात मिळून 4,18,159 माणसांची माहिती घेतली होती. एका तालुक्याच्या वाट्याला त्यातली किती घरं येणार, तुम्हीच हिशोब करा. गोव्यासारख्या छोट्या राज्याच्या आकड्यातही एका वर्षातला चढउतार नमुना लहान असल्यामुळे असू शकतो. गोव्यासाठी तिथल्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाची प्रकाशनं जोडीला पाहावीत.

महाराष्ट्रासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालय हे घर. कार्यालय मुंबईत वांद्रे पूर्वेला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा सांख्यिकी कार्यालय. दोन प्रकाशनं तुमच्या कामाची :

'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत येते, मराठीतही असते. देशाच्या सर्वेक्षणांतले महाराष्ट्राचे आकडे तिथे आयते काढलेले मिळतात, शिवाय राज्याच्या विभागांची आकडेवारी. मराठी परिभाषा जुळवायलाही ती बरी पडते. एखादा शब्द मराठीत काय लिहायचा अडलं की मी तीच उघडते.

'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे त्याहून दुर्लक्षित आणि त्याहून उपयोगी. तालुकावार तक्ते यात असतात : कारखाने, दुकानं, पीकक्षेत्र, कामगारांची वर्गवारी. पण टिपा वाचा. एकाच पुस्तकात एक तक्ता मागच्या वर्षाचा आणि शेजारचा 2011 चा असतो, आणि दोघांची मांडणी हुबेहूब.

2011 कुठून आलं? जनगणनेतून. तालुका आणि गाव पातळीवर किती लोक काम करतात हे सांगणारा सगळ्यांत तपशीलवार सरकारी स्रोत अजूनही 2011 ची जनगणनाच. प्रायमरी सेन्सस अॅबस्ट्रॅक्ट नावाची फाईल उतरवा, त्यात गावागावाची एकेक ओळ आहे. चार गट दिसतील : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले, इतर. शिवाय 'मुख्य' कामगार म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम मिळालेले, आणि 'सीमांत' म्हणजे त्याहून कमी. सीमांतांचे पुन्हा दोन भाग : तीन ते सहा महिने, आणि तीन महिन्यांच्या आत.

आमच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या रकान्यांत होतं, आणि मी ते 'बेरोजगार' या शीर्षकाखाली शोधत बसले होते. धारणी-चिखलदऱ्यासारख्या तालुक्यात 'काम आहे का' यापेक्षा 'वर्षातले किती महिने आहे' हा प्रश्न खरा. मात्र एक लक्षात घ्या. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. या तालुक्यांतली, म्हणजे मेळघाटातली, बरीच कोरकू आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. त्या वर्षी होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. गावची संख्या वाचताना ही तारीख डोक्यात ठेवा. स्थलांतराचे तक्ते जनगणनेच्या डी मालिकेत आहेत, पण असं चार महिन्यांचं जाणं-येणं त्यात नीट पकडलं जात नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिचे तक्ते हाती येईपर्यंत 2011 वरच काम भागवायचं, आणि दर वेळी '2011' हे वर्ष ठळक लिहायचं.

5. नोकरी देणाऱ्यांकडून मोजलेले आकडे

घरोघरी विचारून येणारी आकडेवारी एक, आणि कारखाने-दुकानांकडून येणारी दुसरी. दोन्ही जुळत नाहीत, जुळावीत अशी अपेक्षाही ठेवू नका. एका माणसाच्या दोन नोकऱ्या असतील तर घराकडून तो एक, आस्थापनांकडून दोन.

कारखान्यांसाठी वार्षिक उद्योग पाहणी, म्हणजे एएसआय. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाखाली नोंदलेले कारखाने त्यात येत : वीज वापरत असतील तर 10 किंवा जास्त कामगारांचे, वापरत नसतील तर 20 किंवा जास्त. त्यात कंत्राटी कामगार वेगळे दाखवलेले असतात. औद्योगिक वसाहतीवर लिहिणाऱ्यांनी तो रकाना चुकवू नये.

पानटपरी, शिवणकाम, घरगुती मसाले, छोटी दुकानं, यांच्यासाठी असंघटित क्षेत्रातल्या उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण, म्हणजे एएसयूएसई. 2023-24 च्या फेरीत अशा बिगरशेती धंद्यांत 12.06 कोटी माणसं कामाला होती, आदल्या वर्षी 10.96 कोटी. यात शेती नाही आणि बांधकामही नाही. बांधकाम मजुरांवर लिहिणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला हे पंधरा दिवसांनी कळलं.

संघटित क्षेत्राच्या नऊ शाखांमधल्या 10 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी केंद्राच्या श्रम ब्युरोची तिमाही पाहणी 2021 पासून निघू लागली, ती एवढ्यापुरती ठीक.

आणि ईपीएफओ, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना. दर महिन्याला बातमी येते : 'इतके लाख नवे रोजगार.' ही मालिका एप्रिल 2018 पासून प्रसिद्ध होते, आकडे सप्टेंबर 2017 पासूनचे. पण ती भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांची मोजणी आहे. नवे सदस्य, त्यात परत आलेले मिळवायचे, बाहेर पडलेले वजा करायचे. कायदा साधारणपणे 20 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू. एखाद्या कारखान्यात 19 जण होते, विसावा आला आणि सगळ्यांची खाती उघडली, तर नोकरी एक आणि खाती वीस. शिवाय हे आकडे पुढचे कित्येक महिने बदलत राहतात, त्यामुळे उतरवलेल्या दिवसाची तारीख हवीच.

ई-श्रम (असंघटित कामगारांची केंद्राची नोंदणी, ऑगस्ट 2021 पासून, 30 कोटींवर) आणि नोकरी शोधणाऱ्यांसाठी राज्याचं महास्वयं पोर्टल यांच्याबाबतही हेच. नोंदणी म्हणजे सर्वेक्षण नाही. रोजगार केंद्रात नाव घातलेल्यांत नोकरी असलेले आणि त्याहून बरी शोधणारे असतात, आणि ज्यांना खरंच काम नाही त्यातल्या अनेकांचं नाव तिथे नसतं. 'महाराष्ट्रात इतके लाख बेरोजगार' अशी बातमी दिसली की आधी पाहा, ती नोंदणीची संख्या आहे का. बहुधा तीच असते.

6. मजुरी आणि महागाई

शिमला आणि चंडीगडहून चालणाऱ्या श्रम ब्युरोकडे जा. ग्रामीण मजुरीचे दर महिन्यागणिक, राज्यवार, पुरुष-स्त्री वेगवेगळे मिळतात : नांगरणी, पेरणी, कापणी, वेचणी, शिवाय गवंडी, सुतार वगैरे. मजुरी खरंच वाढली की नुसती महागाईमुळे वाढलेली दिसते हे पाहायला ग्राहक किंमत निर्देशांकानं भागावं लागतं. शेतमजुरांसाठी वेगळा निर्देशांक आहे, औद्योगिक कामगारांसाठी वेगळा. शेतमजुराच्या मजुरीला औद्योगिक निर्देशांक लावू नका.

आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाचा निर्देशांक 100 धरतात ते वर्ष, बदललं की गोची होते. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक सप्टेंबर 2020 पासून 2016 = 100 वर आला, त्याआधी 2001 = 100 होता. जुनी-नवी मालिका जोडायचा आकडा, म्हणजे जोडगुणक, 2.88. म्हणजे नव्या मालिकेत 140 असेल तर जुन्या हिशोबानं 140 × 2.88 = 403.2. शेतमजुरांच्या निर्देशांकाचं आधारवर्ष तर 1986-87 होतं, जून 2025 पासून ते 2019 झालं. हजारावर असलेला आकडा एका महिन्यात शंभरीच्या आसपास आलेला दिसला तर घाबरू नका, जोडगुणक शोधा.

7. मूळ डेटा उघडायचा असेल तर

छापील तक्त्यात नसलेला प्रश्न असेल, उदाहरणार्थ 'महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या 15 ते 29 वयाच्या पदवीधर मुली', तर मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करा. खातं उघडायचं, हेतू लिहायचा, फाईली उतरवायच्या. नावं-पत्ते काढून टाकलेले असतात.

फाईल उघडल्यावर नुसत्या आकड्यांच्या लांबलचक ओळी दिसतात. स्वल्पविराम नाही, रकाना नाही. फाईल बिघडलेली नाही. सोबतच्या लेआउटच्या एक्सेल फाईलमध्ये कोणत्या स्थानापासून कोणत्या स्थानापर्यंत काय आहे ते लिहिलेलं असतं. महाराष्ट्राचा संकेतांक 27, गोव्याचा 30.

2023-24 पर्यंतच्या फाईलींसाठी मी हे असं करते :

- *पहिल्या भेटीची फाईल घ्या.* शहरांत एकाच घरी चार वेळा जात, त्या पुनर्भेटींची फाईल वेगळी असते. मी पहिल्यांदा नेमकी तीच उचलली. दोन संध्याकाळी खपवल्यावर लक्षात आलं की माझ्या महाराष्ट्रात खेड्यात राहणारा एकही माणूस नाही.
- *वजन लावा.* प्रत्येक ओळ किती माणसांच्या वतीनं बोलते तो आकडा म्हणजे गुणक. फाईलमधले एनएसएस आणि एनएससी या नावांचे दोन रकाने सारखे असतील तर गुणक भागिले 100, वेगळे असतील तर भागिले 200. वर्षाचा आकडा काढताना त्याला पुन्हा तिमाह्यांच्या संख्येनं भागा.
- *दर्जाचे संकेतांक.* 11 ते 51 कामात, 81 कामाच्या शोधात, 91 पासून पुढे श्रमशक्तीबाहेर. मुख्य दर्जा 81 पण दुय्यम दर्जा 11 असेल तर एकत्रित मोजणीत तो माणूस कामात धरतात. मुख्य रकाना तेवढा पाहून थांबलात तर बेरोजगारी फुगते.
- *आधी छापील आकडा काढून पाहा.* देशाचा, 15 वर्षांवरचा, नेहमीच्या दर्जाचा 3.2 तुमच्या संगणकावर येतो का? येत नसेल तर पदवीधर मुलींकडे वळूच नका.
- *प्रमाण वापरा, संख्या जपून.* वजनानं काढलेली एकूण लोकसंख्या प्रत्यक्षापेक्षा कमी येते. 'किती लाख' हवं असेल तर दर घ्या आणि लोकसंख्येच्या सरकारी प्रक्षेपणाला लावा. तुकडे पाडत गेलात की मूळ ओळी किती उरल्या ते मोजा. पंचवीस-तीस माणसांवरून टक्केवारी छापू नका.

2025 पासूनच्या फाईलींची रचना वेगळी आहे, सोबतची 'रीड मी' नावाची माहितीची फाईल आधी वाचा.

8. अहवाल, संसद, माहितीचा अधिकार

नोएडाची व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था कामगारविषयक अभ्यास फुकट उपलब्ध करते आणि तिच्याकडे भारतीय कामगार चळवळीचं डिजिटल दफ्तरही आहे. गिग कामगारांसाठी, म्हणजे अॅपवरून सुटी कामं घेणाऱ्यांसारख्या कामगारांसाठी, नीती आयोगाचा जून 2022 चा अहवाल : 2020-21 मध्ये 77 लाख, 2029-30 पर्यंत 2.35 कोटी होतील असा अंदाज. पहिला आकडाही अंदाजच आहे, लोक तो मोजणी म्हणून देतात. जुन्या काळात जायचं असेल तर पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचा 1969 चा अहवाल वाचण्यासारखा. अध्यक्ष होते आपल्या साताऱ्याचे न्या. गजेंद्रगडकर. त्याहून मागे मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं 1921 पासूनचं लेबर गॅझेट आहे. गिरणगावावर लिहिणाऱ्यांनी ते जुन्या ग्रंथालयांत मागावं.

माझा आवडता चोरवाटेचा रस्ता मात्र संसदेचा. खासदारांनी श्रम मंत्रालयाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर असतात आणि त्यांना राज्यवार परिशिष्टं जोडलेली असतात. अहवालात विखुरलेलं तिथे एका पानावर मिळतं, खाली स्रोतासकट. प्रश्न क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या.

माहितीचा अधिकार शेवटी. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, महाराष्ट्रात अर्ज ऑनलाईनही होतो. इथल्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. कार्यालयाकडे असलेलाच कागद मिळतो. तुमच्यासाठी बेरीज करून द्यायला ते बांधील नाहीत. 'तालुक्यात बेकार किती' असा मी अर्ज केला होता. 'माहिती उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं, आणि ते बरोबरच होतं. पुढच्या अर्जात अमुक वर्षाच्या अमुक नोंदवहीची प्रत मागितली. ती मिळाली.

9. वहीत काय लिहायचं

प्रत्येक आकड्यासमोर सात गोष्टी : प्रकाशनाचं नाव, तक्ता क्रमांक, कोणता वयोगट, कोणती मोजपट्टी, कोणता कालावधी, कुठला भाग, आणि तुम्ही तो कोणत्या तारखेला उतरवला. सरकारी दुवे मोडतात, संकेतस्थळं कात टाकतात, म्हणून मूळ पीडीएफ स्वतःकडे ठेवा. फाईलचं नाव 'डाऊनलोड 14' ठेवू नका. 'पीएलएफएस-2023-24-वार्षिक' असं ठेवा.

धारणीच्या टिपणात आम्ही शेवटी 'बेकार' हा शब्दच वापरला नाही. लिहिलं ते असं : '2011 च्या जनगणनेनुसार तालुक्यातल्या एकूण कामगारांपैकी सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेले इतके', आणि खाली ग्रामीण महाराष्ट्राचा पीएलएफएसचा दर वेगळ्या चौकटीत, त्याच्या वर्षासकट. पेन्सिलवाल्या कार्यकर्त्यांनी ते वाचलं. या खेपेला समासात एकच खूण होती : टक्केवारीत दशांशचिन्हानंतरचा एक आकडा जास्त दिला होता, तो खोडला होता.